६४० किलो माझे: एका कांद्याच्या गाडीचं ओव्हरलोड प्रकरण

जानेवारीत आमच्या सोलापुरात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची, यात्रा चालू होती तेव्हाची गोष्ट. रात्री पावणेबाराला फोन वाजला, पोरगा घाबरलेला, आवाज धड फुटत नव्हता. "मामा, हत्तूरच्या पुढं आरटीओच्या पथकानं गाडी बाजूला घेतलीय, वजनकाट्यावर चल म्हणतेत, काय करू?" मागनं क्लीनर त्याच्या कानात काहीतरी भलतंच सांगत होता ते मला पण ऐकू येत होतं, ते काय होतं ते पुढं सांगतो.

पोरगा ओळखीतला, विडी घरकुलातला, आई विड्या वळते. तीन वर्षं त्यानं छोटा हत्ती, म्हणजे छोटा मालटेम्पो, चालवला, मार्केट यार्ड ते चाटी गल्ली, दिवसाला चार-पाच खेपा. मग हेवी लायसन काढलं आणि मी मालकांकडं शब्द टाकून त्याला दहाचाकीवर बसवलं. ही त्याची चौथी ट्रिप. मी स्वतः २२ वर्षं स्टेअरिंग धरलंय, आता गुडघे बोलायला लागले म्हणून ऑफिसात बसून गाड्या लावायचं बघतो, म्हणजे कुठली गाडी कुठं भरायची, किती भरायची, हुंडेकऱ्याशी, म्हणजे गाडीला माल मिळवून देणाऱ्या दलालाशी, बोलायचं, असलं काम. त्यामुळं ह्या प्रकरणात मी बघ्या नव्हतो, मी पण त्यातलाच एक होतो.

लिहून काढायचं कारण एवढंच की नवीन पोरं येतात ती सगळी एकच विचारतात, पथक कुठं उभं असतं, किती वाजता नसतं, आतनं रस्ता आहे का. ह्या गाडीला असल्या माहितीचा काडीचा उपयोग झाला नसता. अडकली ती हत्तूरला, पण ओव्हरलोड झाली होती संध्याकाळी पाचला मार्केट यार्डात, आणि त्यातले ६४० किलो तर त्याच्याही आधी माझ्या टेबलावरच चढले होते.

आधी पासिंगचं, म्हणजे गाडी मालासकट किती वजनाला मंजूर आहे त्याचं, सांगतो कारण सगळं तिथनंच बिघडलंय. गाडीच्या आरसीवर भरलेलं वजन २८,००० किलो, म्हणजे पुढच्या एक्सलला ७ टन आणि मागच्या जोड एक्सलला २१. जुलै २०१८ मध्ये केंद्रानं एक्सलची मापं वाढवली, त्याच्या आधी दहाचाकी २५ ची असायची, ६ आणि १९ अशी. तेव्हाच सहाचाकी १६.२ वरनं १८.५ वर गेली आणि बाराचाकी ३१ वरनं ३५ वर. म्हणून जुने ड्रायव्हर अजून "दहाचाकी म्हणजे २५" म्हणतात आणि नवीन पोरं "आता २८ चालतंय" म्हणतात, दोघांचं पण ऐकू नका, आपल्या गाडीच्या आरसीवर काय छापलंय ते बघा कारण काट्यावर साहेब तोच आकडा बघणार. आणि ते ढाब्यावरचं "पाच टक्के वर चालतं रे, कोण बघत नाही", त्याच्या भरवशावर तर गाडी अजिबात भरू नका.

तर आरसीवर खाली, म्हणजे रिकाम्या, गाडीचं वजन होतं ९,२०० किलो. २८,००० मधनं ९,२०० वजा केले, राहिले १८,८००. हा आकडा मी हुंडेकऱ्याला फोनवर सांगितला, त्यानं पन्नासनं भागलं, ३७६ पिशव्या कांदा, माल जाणार बेंगळुरूच्या यशवंतपूर मार्केटला. वहीत हिशोब एकदम चोख बसला, कुणाचं काय चुकलं असं कुणालाच वाटलं नाही.

आता गंमत बघा. आरसीवरचं खाली वजन हे गाडी पासिंगला गेली त्या दिवसाचं. त्यानंतर आम्ही हौद्याला वरनं लोखंडी पट्ट्या मारून घेतल्या, एकाला दोन स्टेपन्या झाल्या, दोन ताडपत्र्या, रस्से, जॅक, पेटी, पाण्याचा ड्रम, स्टोव्ह, भांडी, अंथरूण. टाकीत ३०० लिटर डिझेल म्हणजे तेच अडीचशे किलो झालं. वर दोन माणसं. हे सगळं धरून गाडी खाली वजनाला ९,८४० भरते, हे मला कळलं कधी, तर चलन झाल्यावर चार दिवसांनी गाडी रिकामी परत आली तेव्हा. मी २२ वर्षं गाडी चालवलीय आणि ती गाडी एकदाही खाली काट्यावर चढवून बघितली नव्हती. दीडशे रुपयाचं काम.

दुसरी गोष्ट कांद्याची. कांदा वाटेत सुकतो. इथं ५० ला तोललेली पिशवी तिकडं दोन दिवसानं उतरवली की किलो-दीड किलो कमी भरते, आणि तिकडचा व्यापारी तूट कापून घेतो, मग इथला भरणारा हुशारी करतो, तुटीचं धरून पिशवीत आधीच जास्तीचा माल टाकतो. मार्केट यार्डात शेतकऱ्याचा माल लिलावाला तोलला जातो ती गोष्ट वेगळी, नंतर व्यापारी निवड करून, लहान-मोठा कांदा वेगळा करून परत भरतो त्या पिशव्या कुणी एकेक तोलत बसत नाही, मोजतात फक्त. आमच्या ह्या मालात पिशवीचं सरासरी वजन निघालं ५४ किलो. चार किलो जास्त म्हणजे काय लागतंय, हमालाला कळत सुद्धा नाही, पण ३७६ ला चारनं गुणा की, १,५०४ किलो. दीड टन माल आम्ही फुकट वाहणार होतो, भाडं १८.८ टनाचंच लागलं होतं.

तिसरी गोष्ट पोराची स्वतःची. गाडी भरून झाल्यावर शेजारच्या गाळ्यावरचा एक जण आला, "भाऊ, माझ्या आठ पिशव्या टाक की, यशवंतपूरलाच उतरव, पिशवीला ५० देतो." ४०० रुपये. बिल्टी म्हणजे मालाची पावती नाही, काही नाही. छोटा हत्तीवर तो असलं रोज करायचा, तिथं कुणी कधी काटा विचारला नव्हता. टाकल्या. आठ गुणिले ५४, ४३२ किलो.

मग रस्सा आवळला, ताडपत्री मारली, लिंबू-मिरची बांधली आणि गाडी निघाली.

पोरगा नंतर म्हणाला की मार्केट यार्डातनं बाहेर पडतानाच गाडी जड वाटत होती, मागचे स्प्रिंगचे पाटे जवळजवळ सरळ झालते, वळणावर ब्रेक दाबला की गाडी थांबायला जास्त जागा घेत होती, पण त्याला वाटलं भरलेली गाडी अशीच असते. बरोबर आहे त्याचं, चौथ्या ट्रिपला तुलना कशाशी करणार. ह्यासाठी नवीन माणसानं पहिल्या दोन-तीन ट्रिपला तरी बरोबर पासिंगला भरलेली गाडी कशी बसते, पाटे किती वाकतात, टायर खाली किती दबतात ते उतरून बघून ठेवायला पाहिजे, नंतर नजरच काटा होते, निदान एक-दोन टनापर्यंत तरी. रस्त्याचं पण सांगतो, रस्ते बांधणारे इंजिनियर असं धरतात की रस्त्याचं नुकसान एक्सलच्या वजनाच्या साधारण चौथ्या घातानं वाढतं, म्हणजे एक्सलवर दहा टक्के जास्त टाकलं की झीज दहा टक्के नाही, जवळजवळ ४६ टक्के जास्त. पोरांना हे सांगितलं की हसतात, म्हणतात उसाच्या ट्रॉल्यांना जाऊन सांगा मामा. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

परत फोनवर येऊ. क्लीनर काय सांगत होता तर, "काट्यापर्यंत जाताना वाटेत ढाबा आहे, तिथं अंधारात वीस-पंचवीस पिशव्या ढकलून देऊ." मी फोनवरच ओरडलो, "पिशवीला हात लावू नको बे! एक पिशवी खाली पडली तर डबल भरशील." हे मी नुसतं घाबरवायला म्हणलं नव्हतं. मोटार वाहन कायद्याचं कलम १९४ बघा. जास्तीचं वजन भरलं तर २०,००० रुपये आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,०००. पण वजन करायला सांगितल्यावर गाडी थांबवलीच नाही, किंवा वजन करायच्या आधी माल उतरवला, तर ४०,०००. १ सप्टेंबर २०१९ पासून हे आकडे आहेत, त्याच्या आधी २,००० आणि टनाला १,००० होते, तेव्हा लोक ओव्हरलोडचा दंड भाड्यात धरूनच गाडी भरायचे. क्लीनर जुना होता, त्याच्या डोक्यात अजून तेच दिवस होते.

मग त्याला सांगितलं, साहेब म्हणतील त्या काट्यावर गाडी ने. त्यांना तसा अधिकार आहे, पुढच्या वाटेवर १० किलोमीटरच्या आत जो काटा असेल तिथं नेऊ शकतात, कलम ११४. "साहेब" म्हणून बोल, वाद घालू नको, "मी नवीन आहे" हे पण रडत सांगू नको, कागद दे. लायसन, आरसी, परमिट, फिटनेस, विमा, पीयूसी, बिल्टी. फोनमध्ये डिजिलॉकरवर असलेलं चालतं. आणि काट्यावर तीन गोष्टी बघ: गाडी चढायच्या आधी काट्यावर शून्य आहे का, सगळी चाकं प्लेटवर आहेत का, आणि छापील पावती हातात मिळाली का. काट्यावर वैधमापनवाल्यांचा शिक्का आहे का ते पण बघ, पण त्यावरनं भांडू नको, नुसता फोटो काढून ठेव.

बारा वीसला व्हॉट्सअपवर पावतीचा फोटो आला. ३०,५८०.

मी ऑफिसच्या खुर्चीवर बसून कागदावर मांडत होतो. २८,००० वर २,५८० जास्त. दोन टन आणि वर ५८० किलो, चलनात तीन टन धरले. २०,००० अधिक ६,०००, २६,००० रुपये. पोराचा पगार किती आहे ते मी इथं लिहीत नाही, पण २६,००० ऐकल्यावर तो फोनवर एक मिनिट काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, आईला सांगू नका."

ह्यात मधीच एक माणूस उगवला. असले लोक काट्याच्या आसपास असतातच, ना खात्याचे ना कुणाचे. पोराला बाजूला घेऊन म्हणाला, १२ हजार दे, मिटवून देतो. पोरानं मला विचारलं. आता खरं सांगायचं तर एक सेकंद माझ्या पण मनात आलं, १४ हजार वाचतात. पण हिशोब बघा. पैसे त्या माणसाच्या खिशात गेले, पावती नाही, आणि गाडी तीच, ३०,५८० ची. पुढं टाकळीचा भीमेचा पूल ओलांडला की कर्नाटक, झळकीला परत कुणी काट्यावर घातली तर? तिथं परत तेच. त्याच्या पुढं विजयपूर, हुबळी, चित्रदुर्ग, सगळी वाट पडलीय. पैसे देऊन माल हलका होत नाही. नको म्हण म्हणलं, आणि त्या माणसाशी बोलायचंच बंद कर.

इथं बऱ्याच नव्या ड्रायव्हरांचा गैरसमज असतो तो सांगतो. त्यांना वाटतं दंड भरला म्हणजे पुढं जायची परवानगी मिळाली. तसं नाही. जास्तीचा माल उतरवल्याशिवाय गाडी हलवायची नाही, हे कायद्यात आहे आणि २००५ साली सुप्रीम कोर्टानं पण निकालात स्पष्ट केलंय की दंड घेऊन ओव्हरलोड गाडी तशीच सोडायची नाही. उतरवायचा खर्च गाडीवाल्याचा, उतरवलेल्या मालाची जोखीम पण गाडीवाल्याची. म्हणजे रात्री एक वाजता हत्तूरच्या पुढं पन्नासेक पिशव्या रस्त्याच्या कडेला उतरवायच्या आणि राखत बसायचं.

हमाल कुठनं आणणार? गड्डा चालू, त्या रात्री होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं, माझ्या ओळखीचे चारही हमाल बायकापोरं घेऊन तिथं. एकाला फोन लावला तर मागनं फटाक्यांचा आवाज, तो म्हणाला, "मालक, सकाळी बघू की." सकाळीच बघितलं. पोरगा आणि क्लीनर रात्रभर गाडीत, थंडी मरणाची, क्लीनरनं स्टोव्हवर तीनदा चहा केला म्हणे. सकाळी सातला मी पिकअप आणि तीन हमाल घेऊन गेलो, हमालांसाठी कडक भाकरी आणि शेंगाचटणी बांधून घेतलती, ती पोरानंच खाल्ली, रात्रभर उपाशी होता.

किती उतरवायच्या हा पण हिशोब आहे. २,५८० ला ५४ नं भागलं की ४७.८, म्हणजे ४८ पिशव्यांत काम होतंय, पण तेव्हा वजन बसणार २७,९९० च्या आसपास, काटा इकडचा तिकडं झाला की परत गोंधळ. आम्ही ५० उतरवल्या. मागनं उतरवल्या फक्त, म्हणून मग पुढं भार जास्त यायला लागला, परत चार-पाच थर सारखे करून घेतले. परत काटा, २७,८८०. ही दुसरी पावती पहिल्या पावतीएवढीच महत्त्वाची, कारण पुढं कुणी विचारलं तर माल उतरवून पासिंगमध्ये आणला याचा पुरावा तोच. पोरानं दोन्ही पावत्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आरसीबरोबर ठेवल्या. ह्या पावतीचा कागद असा असतो की उन्हात ठेवला की महिन्यात कोरा होतो, म्हणून फोटो पण काढायचा.

चलनावर सही करायच्या आधी त्याला वाचायला लावलं. गाडी नंबर बरोबर आहे का, भरलेलं वजन पावतीवरचंच आहे का, पासिंगचा आकडा २८,००० च धरलाय का, कलम काय लिहिलंय. सगळं बरोबर होतं. साहेब तसे बरे होते, पोराला म्हणाले, "काटा करून निघत जा रे, पोरा." एवढंच. तो दंड नंतर आम्ही ऑनलाइन भरला. भरायचं टाळलं असतं तर पुढं फिटनेसला, परमिटला गाडी अडकली असती, थकलेलं ई-चलन सिस्टीममध्ये दिसतच राहतं.

आता खरं भांडण. ते रस्त्यावर झालंच नाही, ऑफिसात झालं.

मालक म्हणाले, चलन ड्रायव्हरच्या नावावर आहे, पगारातनं कापा. हे सगळीकडं असंच चालतं. कायदा काय म्हणतो तर कलम १९४ मध्ये चालवणारा आणि चालवायला लावणारा, दोघंही येतात, आणि कलम ११३ मध्ये असं पण आहे की ड्रायव्हर मालक नसेल तर हे मालकाला माहीत होतं किंवा त्याच्या सांगण्यावरनंच झालं असं कोर्ट धरू शकतं. मी हे मालकांना सांगितलं, पण कायदा सांगून मालकाशी भांडायचं नसतं, त्यांनी नुसतं चष्म्यावरनं बघितलं. मग मी काट्याच्या पावतीच्या झेरॉक्सच्या मागं मांडून दाखवलं. जास्तीचं वजन हिशोबानं २,५७६, काट्यावरच्या २,५८० ला चार किलो कमी. त्यातले ६४० खाली गाडीचे, म्हणजे मी चुकीचा आकडा दिला त्याचे. १,५०४ पिशवीतल्या जास्तीच्या चार-चार किलोचे, ते माल भरणाऱ्याचे आणि न तोलता बिल्टी फाडणाऱ्या हुंडेकऱ्याचे. ४३२ पोराच्या आठ पिशव्यांचे. दंडाचे २६,००० ह्या किलोंवर वाटले तर किलोला दहा रुपये नऊ पैसे पडतात, माझे ६,४६०, माल आणि हुंडेकरी मिळून १५,१८०, पोराचे ४,३६०.

हुंडेकरी म्हणाला, बिल्टीवर पिशव्या ३७६ लिहिल्यात, वजन अंदाजे लिहिलंय, माझा काय संबंध. "अंदाजे" हा शब्द बघा, सगळं प्रकरण त्या एका शब्दात होतं. दोन दिवस ऐकायचं नाव नाही, मग मालकांनी सांगितलं की आमच्या बाकीच्या गाड्या पण तुझ्याकडनंच भरतात, त्या दुसऱ्याकडं लावतो, तेव्हा ८,००० वर आला. त्याच्यातले त्यानं व्यापाऱ्याकडनं किती काढले तो त्याचा विषय. उरलेले ७,१८० मालकांनी सोसले. माझे ६,४६० मी दिले, मालक राहू द्या म्हणत होते पण मी पोरासमोर टेबलावर ठेवले, नाहीतर त्याचे ४,३६० त्याला कायम अन्याय वाटले असते. ते चार हप्त्यात कापायचं ठरलं. वरचा खर्च, वाराई म्हणजे हमाली १,५००, पिकअप दोन खेपांचे ४,०००, दोन वेळा काटा ३००, तो मालकांनीच केला. ५० पिशव्या परत गाळ्यावर गेल्या तेव्हा व्यापारी भाडं कमी करा म्हणून भांडला ते वेगळंच.

पोराला मी ४०० रुपयाचं काही बोललो नाही. त्यानं स्वतःच काढलं, म्हणाला, "मामा, ४०० साठी ४,३६०." मी म्हणलं, त्या आठ पिशव्या नसत्या तरी गाडी २,१४४ नं ओव्हर होती, चलन झालंच असतं, ते डोक्यातनं काढ. पण बिल्टीबाहेरचा माल परत टाकू नको, वजनासाठी पण नको आणि त्या पिशवीत काय आहे ते तुला माहीत नसतं म्हणून पण नको.

लायसनचं अजून टांगलेलं आहे. सुप्रीम कोर्टाच्या रस्ता सुरक्षा समितीनं २०१५ मध्ये राज्यांना सांगितलंय की मालगाडी ओव्हरलोड चालवणाऱ्याचं लायसन कमीत कमी तीन महिने निलंबित करा. हे लिहीपर्यंत तरी नोटीस आलेली नाही. आली तर नोटिशीला मुदतीत लेखी उत्तर द्यायचं, गप्प बसायचं नाही, दोन्ही पावत्या, दंड भरल्याची पावती, बिल्टी, आणि काय झालं ते सरळ लिहायचं. मी त्याचा कच्चा मसुदा करून ठेवलाय. तीन महिने गाडी बंद म्हणजे छोटा हत्तीवर पण बसता येणार नाही, लायसन एकच असतं, पोरांना हे पण माहीत नसतं.

ऑफिसात काय बदललं ते सांगतो. सगळ्या गाड्या टाकी फुल करून, सामानासकट, माणसांसकट एकदा खाली काट्यावर घातल्या. सगळ्या आरसीपेक्षा जास्त निघाल्या, एक तर ८०० नं. तो आकडा ऑइलपेंटनं केबिनमध्ये ड्रायव्हरच्या डोक्यावर लिहिला, "खाली ९,८४०" असा. हुंडेकऱ्याला आता पिशव्यांचा आकडा देत नाही, किलोचा देतो, आणि बिल्टीवर वजन "अंदाजे" असेल तर ड्रायव्हरनं बिल्टी घ्यायची नाही. पिशवीचा माल असला की कुठल्याही दहा पिशव्या मधनंमधनं ओढून गाळ्यावरच्या काट्यावर टाकायच्या, वरच्या थरातल्या दहा नाही, त्या व्यवस्थित भरलेल्या असतात. साखर, सिमेंट असेल तर पिशवी ठरलेल्या वजनाची असते, तिथं एवढी कटकट नाही. खडी आणि क्रश सॅंड मात्र ब्रासवर भरतात, ब्रास म्हणजे जागेचं माप, शंभर घनफूट, वजनाचं नाही, आणि क्रश सॅंड ओली असली की तेवढ्याच ब्रासला टनानं फरक पडतो, तिथं काटा केल्याशिवाय हलूच नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मला वाटतं ह्या पोराला आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं, म्हणजे मीच: काटा रस्सा बांधायच्या आधी. ताडपत्री मारून, रस्सा आवळून, हमाल वाराई घेऊन गेले की मग काट्यावर ३०,००० दिसले तरी कुणी माल उतरवत नाही, ड्रायव्हर नवीन असला तर त्याची उतरवा म्हणायची हिंमतच होत नाही, मुकादम एक शिवी देतो आणि गाडी निघते. उघडी गाडी असली की चाळीस पिशव्या उतरवायला दहा मिनिटं लागतात, हमाल तिथंच असतात, पैसे अजून द्यायचे असतात. वाराईचे पैसे काट्याच्या पावतीनंतर, हे पण ठरवून टाकलं. मार्केट यार्डातले दोन मुकादम त्यावरनं अजून आमच्याशी नीट बोलत नाहीत.

परवा पोरगा परत कांदा घेऊन निघाला, ह्या वेळी हैदराबादला. संध्याकाळी सातला फोन. मागनं कुणीतरी जोरजोरात ओरडत होतं, कन्नड आणि मराठी मिक्स.

"मामा, काटा केला. २८,२१०."

"मग?"

"मुकादम शिव्या देतोय, म्हणतो दोनशे किलोला कोण विचारतंय."

"तू काय म्हणलास?"

"पाच पिशव्या उतरवा म्हणलं. चार उतरवल्या, पाचवीला भांडतोय."

"गाडी बंद आहे का चालू?"

"बंद. चावी खिशात."

मागं परत ओरडाओरडी. थोड्या वेळानं त्याचाच आवाज, "उतरवली."

"परत काट्यावर घे," मी म्हणलं.

वीस मिनिटांनी पावतीचा फोटो आला, २७,९४०, आणि खाली मेसेज: रस्सा बांधू का?